मत्स्याची तिर्री

वेंगुर्ल्याहून सकाळी सव्वाआठची एसटी.
कुंदाताईच्या मांडीवर श्रीखंडाचा जुना डबा,
डब्यात आबांचा गंजिफा :
एकशेवीसातला एक उणा.

हरवलेलं पान तसं क्षुल्लकच.
राजा नाही, प्रधान नाही,
मत्स्याची तिर्री.
गोल पानावर तीन मासे, एकाखाली एक,
मीठ लावून सुपात ठेवावेत तसे.
त्यावरून आबांनी अंतोन शिंप्याशी
सहा महिने बोलणं टाकलं होतं.
पुढे अंतोनच गेला.
पोस्टातले आरोलकर मुलाकडे, पुण्याला.
या खेळाला तीन माणसं लागतात.
आबा एकटे एकशेएकोणीस पानं
पुसून परत डब्यात ठेवत राहिले.

मठ. आकेरी. काजूला मोहर.
कंडक्टरनं डब्याकडे बोट केलं, "श्रीखंड?"
ताई म्हणाली, "दशावतार."
दहा तिकिटं मागितली नाहीत, हे नशीब.

सावंतवाडीत मोती तलावाला
उगीचच एक फेरी घातली,
सहलीला आल्यासारखी.
चितार आळीत ताईचं वय झरझर उतरलं.
लाकडी वांगं उचलून देठ चाचपला, विचारलं,
"कीड नाही ना?"
दुकानदारही बेरकी :
"निघाली तर परत आणा."
पेरू, चिकू, केळ्यांचा घड, चिरलेलं कलिंगड,
कशालाच वास नाही
आणि सगळ्याला रंगाचा वास.
वांगं घेतलंच तिनं.

यमुना चितारी मागल्या पडवीत बसते.
मी तिला फोटो पाठवले होते,
दुर्रीचा आणि चव्व्याचा.
दोन मासे आणि चार मासे बघून
मधले तीन तिनं हिशेबानं काढले होते.
पान तळहातावर ठेवलं तिनं माझ्या :
काल रंगवलेल्या होडीसारखं लाल.
मग डब्यातल्या पानांत घालून
पाठी वर करून पसरलं सगळं चटईवर.
लपेना.

"पाठसून वळखतला कोणीय.
मळाक व्हया. हाताचो घाम लागाक व्हयो.
दोन वर्सां खेळल्यात
तर बाकीच्यांसारखा जातला.
कोण कोण खेळतत?"

"आम्ही तिघं," ताई म्हणाली,
"दर रविवारी."

मला तर मत्स्यानंतर कूर्म की वराह
तेही धड सांगता आलं नसतं.
यमुनाबाईनं माझ्या हातांकडे पाहिलं,
पैसे मोजून घेतले,
पान मलमलीच्या तुकड्यात बांधून दिलं
आणि चहा टाकला.
चहा होईपर्यंत तिनं काहीच विचारलं नाही,
ते अवघड गेलं.

खानावळीत ताटात बांगड्याच्या तीन तुकड्या.
आम्ही दोघींनी मोजल्या,
बोललो नाही.

परतीच्या गाडीत ताई हळूच म्हणाली,
"दिवसा रामापासून सुरू करायचं ना?
आणि रात्री कृष्णापासून?"
मी म्हटलं, असंच काहीतरी.
आकेरीच्या पुढे ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं,
खाली रस्त्यावर संध्याकाळ झालेली.
पिशवीतलं वांगं प्रत्येक खड्ड्याला
डब्यावर टकटक करत होतं.

आबांनी मासे पाहिलेच नाहीत.
पान उलटं केलं, पाठ पाहिली,
अंगठ्यानं घासली, नाकाशी नेली.
"नवं."
"हो."
आम्ही दिलेला शब्द
ताईनं तिथंच, चपला काढता काढता, सांगून टाकला.
ते काही बोलले नाहीत. चादर झटकून आणली,
चार कोपरे पायानं सारखे केले.
ताई दिव्याच्या बटणाशी उभी :
"लावू? की अजून रामच आहे?"
"लाव," म्हणाले,
"आणि ऐका. हे ज्याच्या हातात जाईल
त्याच्याकडे बाकीच्यांनी बघायचं नाही."

पहिल्याच वाटपात माझ्याकडे आलं.
दोघंही
खिडकीबाहेर बघत बसले.